हणमंताची बाजू

दिवाळी अंकासाठी प्रत्येकाने आपापल्या धंद्याविषयी लिहावे, अशी या वर्षी संपादकांची कल्पना आहे. डॉक्टर लिहिणार आहेत, वकील लिहिणार आहेत, एक पेन्शनीत निघालेले फौजदारही लिहिणार आहेत म्हणे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने त्यांच्या पंक्तीला बसून आठवणी सांगाव्यात, हा उद्धटपणा आहे. पण उद्धटपणाबद्दल माझी ख्याती सातारा जिल्ह्यात आधीपासूनच आहे, तेव्हा लिहितो.

सांगलीच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मी डेमॉन्स्ट्रेटर आहे. म्हणजे मुले लंबक हलवतात आणि मी त्यांच्या मागे उभा राहतो. पुस्तकात जे उत्तर छापले आहे तेच चाळीस मुलांच्या वह्यांत दशांशापर्यंत हुबेहूब कसे येते, हे विचारणे माझे काम. हा झाला पोटाचा उद्योग. माझा खरा धंदा म्हणजे पदार्थविज्ञानाचे तत्त्वज्ञान. त्यात मी प्रबंध लिहून एम.ए. झालो.

हे काय असते ते लोकांना सांगताना माझी नेहमी तारांबळ उडते. दगड खाली कसा पडतो हे पदार्थविज्ञान सांगते. 'अमक्यामुळे तमके झाले' असे आपण म्हणतो, तेव्हा त्या 'मुळे'त नेमके काय असते, हे आम्ही विचारतो. बस, एवढेच. माझ्या लग्नाचे बोलायला साताऱ्याला एक गृहस्थ आले होते. त्यांनी माझ्या वडिलांना विचारले, "मुलगा शिकतोय म्हणता, पण नेमकं काय?"

वडील म्हणाले, "कशाला कारण असतं आणि कशाला नसतं, ते."

"आणि हे कळायला किती वर्षं लागतात?"

गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

वडिलांचा साताऱ्याला छापखाना होता. एक पायाने चालवायचे यंत्र, टाइपाचे खण ठेवायच्या दोन लाकडी घोड्या आणि भिंतीपर्यंत रचलेली पत्रके. हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध, भिक्षुकीविरुद्ध, देवाच्या नावाने चालणाऱ्या लुबाडणुकीविरुद्ध. माझी मुळाक्षरे मी छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवरून उलटी शिकलो, आणि शाळेत भाकरी नेली ती पत्रकात गुंडाळून. वडिलांचा एक नियम होता: विरोधकाला दोन ओळींपेक्षा जास्त जागा द्यायची नाही. पहिल्या ओळीत तो काय म्हणतो ते सांगायचे, दुसरीत ते किती हास्यास्पद आहे ते. उरलेले पान आपले. पंधराव्या वर्षी मी पहिले पत्रक लिहिले आणि हा नियम एका अक्षरानेही मोडला नाही.

कॉलेजसाठी मी सांगलीला आलो, तेव्हा खोलीत जोडीदार मिळाला तो हणमंत. मेढ्यापासून दीड कोस चढावर त्याचे गाव. आजा पलटणीत, बाप पलटणीत, चुलते पलटणीत. घरात तो पहिला शिकणारा. पत्रके लिहितो म्हणून त्याने पहिल्याच आठवड्यात माझे नाव 'पत्रक्या' ठेवले आणि पुढे कधी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

आमच्या प्रयोगशाळेत तेव्हा एक पितळी नळी होती, बोटभर लांबीची. अजून आहे. एका टोकाला भिंग, दुसऱ्या टोकाला सुईच्या अग्रावर मावेल एवढे रेडियम आणि त्याच्यासमोर लेप दिलेली बारीकशी काच. भर दुपारी खोली काळ्या पडद्यांनी बंद करायची, डोळे अंधाराला सरावेपर्यंत दहा मिनिटे बसायचे आणि मग नळी डोळ्याला लावायची. आत ठिणग्या दिसतात. एक इथे, एक तिथे, मध्येच दोन. प्रत्येक ठिणगी म्हणजे फुटलेला एकेक अणू. मिनिटाला साधारण किती ठिणग्या पडतील, ते सांगता येते. पुढची ठिणगी कोणत्या अणूची, ते जगात कोणालाही सांगता येत नाही.

माझ्यासारख्या पत्रक्याला ही नळी म्हणजे बॉम्बच होता. मी अंधारात ओरडलो, "बघ हणमा! कारण नाही! एक अणू हजार वर्षं स्वस्थ बसतो आणि त्याचा जुळा भाऊ आत्ता फुटतो. दोघांत तसूभर फरक नाही. मग हाच का आणि आत्ताच का? कारणच नाही!"

"वरडू नगंस. डोळं बसू दे अंधाराला."

"अरे, पण पटतं का?"

"न्हाई पटत," तो नळीतून डोळा न काढता म्हणाला. "तुला फरक दिसंना म्हंजी फरक न्हाई व्हय? आमच्या म्हशी बी तुला समद्या सारख्याच दिसत्यात. माझ्या आयला इचार, ती अंधारात पायाच्या आवाजावरनं सांगंल कोन आली ते."

"म्हैस आणि अणू एक नव्हे."

"मंग अणूची म्हायती तुला आमच्या म्हशीपरास जास्त हाय म्हन की."

असे आम्ही तीन वर्षे भांडलो. जेवताना, कृष्णेवर पोहायला जाताना, हरिपूरच्या रस्त्यावर चालताना. रेडिओत खरखर आली की तो पेटी उघडून बसे आणि खरखर कशाची ते सापडेपर्यंत उठत नसे. "घावलं न्हाई म्हंजी न्हाईच, आसं म्हनू ने," एवढे त्याचे तत्त्वज्ञान. मी मात्र अणूवरून थेट माणसावर उडी मारली. अणूला कारणाची बेडी नाही, तर माणसाला कशी असेल? म्हणजे प्रारब्ध खोटे, ललाटरेषा खोटी, पूर्वजन्मीची पापे खोटी! 'अणूने दैव मोडले' असे पत्रक मी एका बैठकीत लिहिले. वडिलांनी ते लाल शाईत छापले.

मग लढाई आली आणि भरतीवाले गावोगाव फिरू लागले. मी भरतीविरुद्ध पत्रक लिहिले. परक्याच्या साम्राज्यासाठी आपली पोरे का मरावीत, हा माझा प्रश्न होता. तो मी आजही मागे घेत नाही. पण पत्रकाला उदाहरण लागते. मी लिहिले: 'माझा एक मित्र, विज्ञानाचा पदवीधर, म्हणतो की पलटण ही आमच्या घरची रीत आहे. म्हणजे कसायाच्या दारी जाण्याची रीत असलेल्या बकऱ्याने तीही पाळावी!' नाव घातले नव्हते. पण मेढ्याच्या त्या जावळी तालुक्यात तेव्हा विज्ञानाचे पदवीधर होते किती?

तो तार-बिनतारी संदेशांच्या तुकडीत भरती झाला. निघायच्या दिवशी साताऱ्याच्या मोटार-स्टँडवर भेटला. कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार धूर सोडत उभी होती. वळकटी टपावर चढवून तो माझ्याकडे आला. चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरे झाले असते.

"वाचलं तुझं पत्रक," तो म्हणाला. "माझी बाजू दोन वळींत उरकलीस."

"मग काय आहे तुझी बाजू? सांग की!"

"मोटार सुटतीया," तो म्हणाला आणि चढला.

बेचाळीसच्या चळवळीत मी दीड वर्ष तुरुंगात काढले. सुटून आल्यावर कॉलेजातल्या एका सोबत्याने सांगितले की हणमंत इटलीत गोळी लागून गेला. तुटलेली तार जोडायला गेला होता म्हणे. मी ऐकले आणि कामाला लागलो. आमच्या घरात दुःख झाले की काहीतरी छापतात. मी ठरवले, पत्रक पुरे, आता प्रबंध लिहायचा: नव्या पदार्थविज्ञानाने कार्यकारणभाव मोडला आहे, हे पुराव्याने, विद्यापीठाच्या तोंडावर सिद्ध करायचे.

आमचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक मूळचे वाईचे. लहानपणी तिथल्या पाठशाळेत न्यायशास्त्र, म्हणजे आपले जुने तर्कशास्त्र, शिकलेले आणि नंतर इंग्रजी तत्त्वज्ञान. त्यांना गणित येत नव्हते आणि मला धीराने युक्तिवाद करता येत नव्हता, तेव्हा आमचा सौदा जमला. मी त्यांना समीकरणे समजावून सांगे, ते मला माझी वाक्ये समजावून सांगत. पुस्तके मिळणे कठीण. मुंबईहून एखादे सहा आठवड्यांच्या बोलीवर येई. मी आणि माझी बहीण ते पाळीपाळीने हाताने उतरवून काढत असू. तिला इंग्रजी फारसे येत नसे, पण ग्रीक अक्षरे ती माझ्यापेक्षा सुबक काढी. ते दिवस, ती वळणदार अक्षरे, ओसरीवर पसरलेले ओले कागद आठवले की अजून वाटते, पुन्हा एकदा कोणीतरी सहा आठवड्यांसाठी एक पुस्तक द्यावे आणि बाकी सगळे जग बाहेर थांबावे.

एकशे चाळीस पानांचा पहिला मसुदा मी सरांपुढे ठेवला. चार दिवसांनी त्यांनी बोलावले.

"हा तुमचा विरोधक फार मूर्ख आहे हो," ते म्हणाले.

"होय सर. कारणवादी मूर्खच असतात."

"इतक्या मूर्ख माणसाला हरवायला एम.ए. कशाला व्हावं लागतं?"

मग त्यांनी मला पूर्वपक्ष म्हणजे काय ते सांगितले. वाईच्या पाठशाळेत वादाला बसले की आधी समोरच्याची बाजू आपण मांडायची. ती इतकी चांगली मांडायची की समोरच्याने मान डोलावून म्हटले पाहिजे, "हेच माझं म्हणणं." हा होकार आल्याशिवाय उत्तराचा एक शब्द बोलायची परवानगी नसे. सर स्वतः एकदा अकरा दिवस एकाच पूर्वपक्षावर अडकून बसले होते. समोरचा मुलगा रोज म्हणे, "नाही, माझं म्हणणं याहून चांगलं आहे."

"तुम्हीही आधी पूर्वपक्ष लिहा," सर म्हणाले. "उत्तराला हात लावू नका."

माझा संताप झाला. ज्यांच्या विद्येविरुद्ध वडिलांनी हयातभर पत्रके छापली, त्यांच्याच पद्धतीने मी शिकायचे? साताऱ्याला जाऊन वडिलांना विचारले. ते यंत्राला तेल घालत होते. ओघळलेले तेल त्यांनी चिंधीने पुसले. मग म्हणाले, "शीक. तलवार चांगली असली तर कुणाच्या घरची ते बघू नये."

मी पूर्वपक्ष लिहायला बसलो आणि माझ्या लक्षात आले की मला दोन ओळींच्या पुढे जाताच येत नाही. तिसऱ्या ओळीला माझी लेखणी आपोआप चावायला उठे. महिनाभर धडपडून पाच पाने झाली. सरांनी तांबड्या पेन्सिलीने सगळीकडे खुणा केल्या: इथे तुम्ही हसलात, इथे तुम्ही हसलात. पुन्हा लिहिले. पाच वेळा लिहिले. सहाव्या वेळी वैतागून इंग्रजी सोडले आणि मराठीत, हणमंत बोलला असता तसे लिहायला लागलो. आणि मग लेखणी थांबेना. म्हशी आल्या. खरखरणारा रेडिओ आला. 'घावलं न्हाई म्हंजी न्हाईच, आसं म्हनू ने' हे आले. जी कारणे मी त्याच्या तोंडावर उडवून लावली होती, ती कागदावर उतरताना एकेक करून उभी राहू लागली, आणि त्यांतल्या दोनतीनांना माझ्यापाशी उत्तर नव्हते. नऊ महिने मी त्याच्या बाजूने विचार केला. तेवढा काळ तो माझ्या खोलीत होता. याहून स्पष्ट मला सांगता येत नाही.

उन्हाळ्याच्या सुटीत सर वाईला होते. मी लिहिलेले घेऊन तिकडे गेलो. कृष्णेच्या घाटावर पिंपळाच्या सावलीत बसून त्यांनी सगळे वाचले. तांबडी पेन्सिल त्यांच्या कानावरच राहिली.

"कोण हा?" त्यांनी विचारले.

मी सांगितले. तो गेला, हेही सांगितले.

"मग 'हेच माझं म्हणणं' असं कोण म्हणणार?"

"त्याची आई आहे."

"त्यांना वाचता येतं?"

"नाही सर. पण त्याचं बोलणं त्यांना माझ्यापेक्षा ठाऊक."

सरांनी कागद जुळवून माझ्या हातात दिले. "जा मग."

मी मेढ्याला उतरून चढ चढलो. हणमंताची आई दाराशी सुपात नाचणी घोळत बसली होती. मला तिने पूर्वी दोनदा पाहिले होते. "आरं, सांगलीचा न्हवं का तू? ये, बस," म्हणाली आणि गुळाचा खडा व पाणी पुढे ठेवले. मी म्हटले, "मावशी, हणमंताचं आणि माझं एक भांडण होतं. त्यातली त्याची बाजू लिहिलीय. बरोबर आहे का सांगा."

मी वाचू लागलो. पहिल्या पानाला सूप हलत होते. म्हशींपाशी आलो तेव्हा ते थांबले. रेडिओपाशी तिने पदर तोंडाला लावला. वाचून झाल्यावर तिने सूप खाली ठेवले.

"हणमाच बोलतुया," ती म्हणाली. "हेच म्हनायचा त्यो."

होकार मिळाला. पाठशाळेत याच्यापुढे उत्तर सुरू होते. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मंग? तू काय म्हनलास त्येला?"

माझ्या तत्त्वाप्रमाणे विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवे. मी म्हटले, "मी म्हटलं, काही गोष्टींना कारण नसतं, मावशी. हजारांत किती जाणार ते सांगता येतं. हाच का गेला, त्याला कारण नसतं."

"हजारात?" ती म्हणाली. "पलटणीत बी तसंच?"

मी अणूंविषयी बोलत होतो. ती तिच्या पोराविषयी विचारत होती. दोन्ही एक नाहीत, हे मला तेव्हा चांगले कळत होते. अणूवरून माणसावर उडी मारता येत नाही, हे सरांनी माझ्या पहिल्या मसुद्यातच तीन ठिकाणी लिहून ठेवले होते. पण ती माझ्याकडे बघत होती.

"होय," मी म्हटले.

तिने इतका मोठा श्वास सोडला की मी घाबरलो. मग ती बोलू लागली. "मीच धाडला रं त्येला. जाऊ का नगं करीत हुता. सांगलीला कालिजात नोकरी मिळती म्हनला. मी म्हनलं, तुझा आजा गेला, बा गेला, तूच घरात बसलास तर गाव काय म्हनंल? तरी जाईना. आन् मंग कुटनं तरी एक छापील कागुद आला. चावडीवर वाचला, लोकं हासली. घरी येऊन म्हनला, आता जानारच. माझं बोलनं आन् त्यो कागुद. दोगांनी मिळून घालवला त्येला. रोज म्हनती मी. आज तू म्हनलास, कारन न्हाई. बरं वाटलं बग."

तिने मला नाचणीची भाकरी आणि ताक दिले. मी खाल्ले. तो कागद माझा होता, हे मी बोललो नाही.

हणमंताची बाजू इंग्रजीत उतरवून पुढचे वर्षभर मी प्रबंधाचे उत्तराचे प्रकरण लिहिले. ते लिहिताना माझी लेखणी पूर्वीसारखी धावली नाही. सांगलीच्या बाजारात कोर्टकचेरीचे अर्ज टंकून देणारे एक म्हातारे कारकून होते, त्यांच्याकडे प्रबंध दिला. त्यांनी जन्मभर दावे टंकले होते. पहिल्याच दिवशी विचारले, "यात वादी कोण नि प्रतिवादी कोण?" मी सांगितले. काम पुरे झाल्यावर कागद देताना ते चष्मा पुसत म्हणाले, "रागावू नका, पण तुमच्या प्रतिवादीचा वकील तुमच्यापेक्षा हुशार आहे."

परीक्षकांचे मत फारसे वेगळे नव्हते. चौथे प्रकरण, म्हणजे पूर्वपक्ष, त्यांना फार आवडले. पाचव्यावर, म्हणजे माझ्या उत्तरावर, 'ठीक' असा शेरा. तोंडी परीक्षेत एकाने विचारले, "हा तुमचा निष्कर्ष रोजच्या व्यवहारातल्या वस्तूंना लागू होतो का? चेंडू, दगड, बंदुकीची गोळी?"

"नाही," मी म्हणालो. "इतक्या मोठ्या वस्तूत कोट्यवधी अणू असतात. त्यांची सरासरी होते आणि जुने नियम लागू होतात. गोळीला कारण असतं."

परीक्षकांनी मान डोलावली. मी एम.ए. झालो. चार विद्वानांपुढे मी खरे बोललो होतो, आणि जिला खऱ्याची गरज होती तिच्यापुढे खोटे. बायकांना व्रतवैकल्यांची खोटी आशा दाखवणाऱ्यांवर मी किती पत्रके लिहिली होती, त्याचा हिशेब मला कोणी विचारला नाही. मीच विचारला.

सर आता निवृत्त होऊन वाईला राहतात. पेढे घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि पेढ्यांआधी ही सगळी हकिगत सांगितली. ते म्हणाले, "ते 'होय' प्रबंधात लिहिलं असतंत का?"

"नाही."

"मग तिथं का म्हणालात?"

"खरं सांगितलं तर त्या पुन्हा स्वतःला कारण धरतील."

"म्हणजे कारण आहे की नाही, एवढ्या दोनच वाटा तुम्हाला दिसल्या," सर म्हणाले. "अहो, मडक्याच्या आधी कुंभार असतो. कुंभाराचा बापही असतो. माती वाहून आणणारं गाढवही असतं. बाप नसता तर कुंभार नसता आणि मडकंही नसतं. म्हणून बाप मडक्याचं कारण का?"

"नाही."

"आधी असतं, पण कारण म्हणून ज्याला धरायचं नाही, असं पुष्कळ असतं. न्यायशास्त्रानं त्याला वेगळं काढून ठेवलंय. त्या माउलीला एवढं समजेल."

"आणि माझं पत्रक?"

ते नदीकडे बघत राहिले. "मातीला आकार देणारा हात कोणता आणि माती वाहणारं गाढव कोणतं, हे निवडता येतं. पण तुमच्या बाबतीत ते मी निवडणार नाही. तुम्ही माझे विद्यार्थी. माझा तराजू झुकेल."

दुसऱ्या दिवशी मी मेढ्याला उतरून पुन्हा तो चढ चढलो. हणमंताची आई तशीच दाराशी सूप घेऊन बसली होती. मी गूळ-पाण्याला हात न लावता सांगितले, "मावशी, मागच्या वेळी मी चुकीचं बोललो. ते अणूचं होतं. गोळीला कारण असतं."

"आसनारच की," ती म्हणाली. "गोळी काय आपसूक येती व्हय?"

"मग तुम्ही तेव्हा..."

"तवा तू व्हय म्हनलास, मला वाईच बरं वाटलं. चार दिसांनी इचार केला, पोरगं माझ्यासाटी खोटं बोललं." तिने सुपातला खडा वेचून बाहेर टाकला. "म्हंजी आता पुन्यांदा माझ्याच गळ्यात म्हन की."

"नाही." मी तिला मडक्याचे सांगितले. कुंभार, कुंभाराचा बाप, माती वाहणारे गाढव. तिने सगळे नीट ऐकून घेतले.

"म्हंजी मी गाढाव व्हय रं?"

मी गडबडून गेलो. ती हसत होती. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिले. दात अगदी हणमंतासारखे. त्या हसण्यापुढे मला गप्प राहता आले असते. मी म्हणालो, "मावशी, तो छापील कागद मी लिहिला होता."

हसू गेले. ती उठली. गोठ्यात जाऊन म्हशीचे दावे सोडले, तिला पाणी दाखवले, पुन्हा बांधले. वैरण टाकली. मी दाराशी बसून राहिलो. जावे की थांबावे, कळेना. उन्हे उंबऱ्यावरून खाली उतरली तेव्हा ती परत येऊन समोर बसली.

"मंग तू कोन? गाढाव का कुंभार?"

"ठाऊक नाही."

"तुझ्या मास्तराला?"

"ते सांगत नाहीत."

तिने माझ्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत क्षमा होती की नाही, ते मी सांगणार नाही, कारण मला दिसले नाही आणि जे दिसले नाही ते लिहायची सवय मी सोडली आहे.

"कागुद आनल्यात का त्येचं? वाच," ती म्हणाली.

मी हणमंताची बाजू पुन्हा वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मध्ये दोन ठिकाणी तिने, "ह्ये पुन्यांदा," म्हटले, तेवढे दोनदा वाचले. मग ती म्हणाली, "आता तुझं." मी माझे उत्तरही तिच्या भाषेत सांगितले. कुठे लागू पडते आणि कुठे पडत नाही, सगळे, काही न लपवता. ती मान खाली घालून ऐकत होती.

"ह्ये ऐकून हणमा काय म्हनला आसता रं?"

मी तोंड उघडले. नऊ महिने मी त्याची बाजू लिहिली होती. त्याचा आवाज, त्याची उदाहरणे, वाक्य संपवताना मान वाकडी करायची लकब, सगळे मला येत होते. पण ते सगळे त्याने आधी बोललेले होते. माझ्या या उत्तरावर तो कधी बोललाच नव्हता. यात कुठेतरी भोक आहे. ते त्याला पहिल्या झटक्यात दिसले असते, तो हसला असता, "पत्रक्या," म्हणाला असता, आणि मग... त्याच्यापुढचे मला येत नव्हते.

"न्हाई सांगता येत, मावशी."

"बग इचार करून," ती म्हणाली आणि सूप पुन्हा हातात घेतले. "मी हाय हितंच."